शेऱ्यासकट

रविवारी दुपारी वसाहतीच्या सभागृहात एकशे अठरा सभासद जमले होते, आणि त्यातले निम्मे उरलेल्या निम्म्यांशी बोलत नव्हते. भांडणाचं कारण बाहेरच्या कुणाला सांगितलं असतं तर तो हसला असता. ‘वेरेदा’वर दुसऱ्याची पोस्ट आपला शेरा जोडून पुढे पाठवायची सोय असावी की नसावी, एवढाच प्रश्न होता. पण या एवढ्याशा प्रश्नावरून मोन्तेविदेओ शहराच्या या टोकाला चार महिने लोकांनी एकमेकांचं डोकं खाल्लं होतं. दोन सख्खे भाऊ रविवारचं मांस वेगवेगळ्या शेगड्यांवर भाजायला लागले होते. औषधाच्या दुकानातल्या बाईने एका गिऱ्हाइकाच्या हातावर डोकेदुखीच्या गोळ्या ठेवताना, तुझ्या पोस्टी वाचून मलाही याच घ्याव्या लागतात, असं चारचौघांत ऐकवलं होतं.

वेरेदा म्हणजे पदपथ. सभासदांनी आपल्या हातांनी वसाहतीतली घरं बांधून झाल्यावर संध्याकाळी लोक पदपथावर खुर्च्या टाकून बसायचे, माते या कडवट चहाचा पेला फिरवत गप्पा मारायचे, त्यावरून वसाहतीने स्वतः उभ्या केलेल्या समाजमाध्यमाला हे नाव पडलं. सुरुवातीला त्यावर हरवलेली कुत्री आणि गॅसच्या टाक्या एवढंच असायचं. मग आजूबाजूच्या वस्त्या आल्या, आणि नऊ वर्षांत पाच हजार माणसं झाली. मालक कुणी नाही, जाहिराती नाहीत, काहीही बदलायचं तर सभेत हात वर करून. आणि एक नियम पक्का होता. एखाद्याचं लिहिणं आवडलं तर जसंच्या तसं पुढे पाठवा, नाही आवडलं तर त्याच्याच पोस्टखाली त्याला तोंडावर सांगा. त्याचं लिहिणं उचलून, वर आपली अक्कल चिकटवून, आपल्या टोळीपुढे नाचवायचं नाही.

हा नियम सुल्मा तेचेराने करून घेतला होता. सुल्मा एकसष्ट वर्षांची. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होती, त्यामुळे तिच्या पुढ्यात मायक्रोफोन ठेवला तर ती तो बाजूला सारायची आणि मागच्या रांगेला जास्तच स्पष्ट ऐकू यायचं. वेरेदाच्या सलोखा समितीची ती प्रमुख होती. कुणी कुणाला शिवी दिली तर ती पुसायची आणि देणाऱ्याची कानउघाडणी करायची, हे तिचं काम. पाठीमागे तिला सगळे फौजदारीण म्हणत. हे तिला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं.

त्या दिवशी मात्र तिचं अर्धं लक्ष मागे होतं. दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर तिचा मुलगा गास्तोन बसला होता. चार वर्षांनी घरी आला होता. शुक्रवारी उत्तरेतल्या ताक्वारेम्बोहून साडेपाच तासांचा प्रवास करून दारात उभा राहिला तेव्हा सुल्माने त्याला एवढंच म्हटलं, की वाळलास. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने भाजीच्या पाईसाठी मळलेली कणीक उगाच पुन्हा मळली.

गास्तोन इथल्याच दवाखान्यात नर्स होता. चार वर्षांपूर्वी एका मोठ्या, जगभरच्या नेटवर्कवर त्याने एक पोस्ट लिहिली, आणि गल्लीपलीकडच्या वाल्देमारने ती एक ओळीचा शेरा मारून पुढे पाठवली. वाल्देमारचे मित्र फार नव्हते, पण त्यातल्या एकाचे होते. तीन दिवसांत दोन लाख माणसांनी ती पाहिली. दवाखान्याने गास्तोनचं कंत्राट मोडलं. महिन्याभराने तो उत्तरेला निघून गेला, आणि सुल्माने वेरेदावर तो नियम आणला.

वाल्देमारशी ती त्या दिवसापासून एक शब्द बोलली नव्हती. दोघं एकाच तुकडीत होती, घरं बांधायच्या वेळची. त्याच्या घराची मागची भिंत तिने स्वतःच्या हाताने रचलेली होती, आणि ती पाडता येत नाही याचं तिला दुःख होतं. गेल्या वर्षी त्याची आई वारली, तेव्हा सगळी वसाहत रात्रभर तिथे बसली. सुल्मा गेली नाही.

आता दवाखान्यात नर्सची जागा निघाली होती. संचालक नवीन होता. सुल्माने अर्ज आणून ठेवला होता, आणि शनिवारी जेवताना तो गास्तोनच्या ताटाशेजारी ठेवला. त्याने तो दोनदा वाचला. नाही म्हणाला नाही. सोमवारी सांगतो म्हणाला. तेवढ्यानेच खूश होऊन सुल्माने त्याला पाईचा आणखी एक तुकडा वाढला. मग तो म्हणाला, “उद्या सभेला येईन मी. लोकांना बघू दे, मी काही मेलेलो नाही. पण माझं नाव काढायचं नाहीस. नाव नाही, गोष्ट नाही.”

“मी कशाला काढू?”

“आई, शब्द दे.”

तिने दिला. खरोखर मनापासून दिला, कारण त्या क्षणी तिला दुसरं काही नकोच होतं.

सभा सुरू झाली ती बाहेर सॉसेज भाजण्याच्या धुरात. अध्यक्ष एदिसोन हा शांत, जाडजूड सुतार. त्याला दोन्ही बाजू पक्षपाती म्हणत, यावरून तो बरा अध्यक्ष असावा. प्रस्ताव वाल्देमारचा होता आणि यंत्रणा सांभाळणाऱ्या यानिनाचा. यानिनाने पडद्यावर चित्रं दाखवत समजावलं, की लिहिणाऱ्याच्या हाती सगळं राहील. आपली पोस्ट शेऱ्यासकट फिरू द्यायची नसेल तर त्याने आधीच नाही म्हणावं, आणि फिरायला लागल्यावर नको झाली तर मागे ओढून घ्यावी. तिचं बोलणं नीटनेटकं होतं, आणि म्हणूनच निम्म्या सभेला ते पटलं नाही. ज्याची पोस्ट पेटते त्याला दार लावायचं सुचेपर्यंत घर जळून गेलेलं असतं, असं मागून एकजण म्हणाला. एदिसोनने त्याला रांगेत नाव द्यायला सांगितलं.

मग वाल्देमार उठला. चौसष्ट वर्षांचा, काच कारखान्यातून निवृत्त, लांब हाताचा माणूस. त्याने एक खोकं आणलं होतं, आणि त्यातून एकेक कागद काढून तो टेबलावर मांडू लागला. गेल्या चार महिन्यांत लोकांनी काय केलं होतं, तर वेरेदावर शेरा मारता येत नाही म्हणून समोरच्याची पोस्ट छापून घ्यायची, तिच्याखाली लाल पेनाने आपली मल्लिनाथी करायची आणि कागद बेकरीच्या काचेवर चिकटवायचा. पुढचा माणूस त्याखाली हिरव्या पेनाने लिहायचा. बेकरीवाल्याने सुरुवातीला ते फाडून टाकले, पण वाचायला आलेले लोक पावही नेतात हे ध्यानात आल्यावर त्याने काच पुसून जागा करून द्यायला सुरुवात केली. वाल्देमारकडे असे सदतीस कागद होते.

त्याचं म्हणणं सरळ होतं. माणसं शेरे मारणारच. इथे नाही मारू दिले तर फोटो काढून दुसरीकडे मारतील, आणि तिथे लिहिणाऱ्याला ते मागेही ओढता येणार नाहीत. शिवाय, एखादा बडा माणूस काही वेडंवाकडं लिहितो, त्याच्याखाली चारशे उत्तरं. त्यात चारशे एकावं उत्तर कोण वाचणार? आपल्या माणसांना, बघा हा काय म्हणतोय, असं सांगायचं तरी कसं? जो दुबळा आहे त्याच्या बाजूने बोलायला हीच एक वाट असते, असं तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्याचा आवाज जरा बसला.

मग त्याने पाणी प्यायलं आणि सूर बदलला. वेरेदाचे नियम कुणाच्या सोयीसाठी होतात हेही सभेने एकदा बघावं, असं म्हणाला. काही लोकांना आयुष्यभर तिकिटं तपासायची सवय असते. बसमधून उतरले तरी ती सुटत नाही. सभागृह हसलं. सुल्मा उभी राहिली आणि तिने बोलायचा हक्क मागितला.

इथे त्या सभेची जुनी रीत सांगायला हवी. भाषणात ज्याचं नाव घेतलं जातं त्याला तिथल्या तिथे, रांग मोडून, दोन मिनिटं बोलता येतं. सभासद असो, पाहुणा असो, सॉसेज विकणारा असो. ज्याच्याविषयी बोलायचं त्याला उत्तर देऊ द्यायचं, ही त्या लोकांची फार जपलेली रीत. त्यामुळे मुरलेले वक्ते काय करत, तर नाव न घेता नेमकं टोचत.

“नाव घेतलेलं नाही, सुल्मा,” एदिसोन म्हणाला. “बस.”

“तिकिटं तपासणारी इथे दुसरी कोण आहे?”

“नाव नाही, तर हक्क नाही. तुझा नंबर तिसरा आहे.”

ती बसली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. वाल्देमार तिच्याकडे न बघता कागद गोळा करत होता, आणि ते न बघणं तिला बघण्यापेक्षा जास्त झोंबलं.

नंबर आल्यावर ती चांगली बोलली. उत्तर देणं म्हणजे माणसाशी बोलणं, आणि शेरा मारून फिरवणं म्हणजे तो माणूस समोर असताना त्याच्याकडे पाठ करून गर्दीशी बोलणं, असं तिने मांडलं. गर्दीला टाळ्या वाजवायला आवडतं. एकदा टाळ्या मिळाल्या की शेरा मारणाऱ्याला समोरचा माणूस दिसेनासा होतो, तो नुसतं खाद्य होतो. बेकरीच्या काचेचं काय घेऊन बसलात, ती काच चाळीस जण बघतात आणि पावसात कागद गळून पडतो. यानिनाने मान डोलावली. पण लोकांनी हे चार महिन्यांत पुष्कळदा ऐकलेलं होतं. पहिल्या रांगेतल्या दोघांनी जांभया दिल्या.

सुल्माने खाली बसून डोकी मोजली. बसमध्ये उभ्या उभ्या मोजायची तशी. ती दहा-बारा मतांनी मागे होती. मागे वळून पाहिलं, तर गास्तोन शेजारच्या म्हाताऱ्याशी काहीतरी बोलत चक्क हसत होता. तिच्या मनात आलं, ही सोय इथे आली तर हा परत येणार नाही. येईल कसा? कुणीही उठेल आणि ती जुनी पोस्ट शोधून काढून नव्या शेऱ्यासकट दारासमोर आणून टाकेल. हे मत हरलो तर मुलगा गेला, अशी तिची पक्की खात्री झाली. त्याला विचारावं, असं काही तिला वाटलं नाही.

दुसऱ्या फेरीत वाल्देमारला पुन्हा एक मिनिट मिळालं. तो थकलेला दिसत होता. शांतपणे म्हणाला, “एका घरावर वाईट वेळ आली, हे सगळ्यांना माहीत आहे. वाईट झालं. पण एका घराच्या दुखण्याचा नियम पाच हजार लोकांवर किती वर्षं लादायचा?”

पुन्हा नाव नाही. सुल्मा उठली तेव्हा तिच्या हातात पर्स होती, आणि पर्समधून तिने चार घड्या घातलेला कागद काढला. तो ती चार वर्षं सोबत बाळगत होती. या वेळी नंबर तिचाच होता, एदिसोनने तिला तीन मिनिटं दिली.

“मी नाव घेते,” ती म्हणाली. “वाल्देमार पिन्तोस. आणि माझा मुलगा, गास्तोन.”

मागे कुणीतरी पेला खाली ठेवला. सुल्माने मागे पाहिलं नाही.

तिने कागदावरून पोस्ट वाचली. “‘आज पुन्हा तीच. कुठे दुखतं विचारलं की बोट अंगभर फिरतं. एकटेपणावर गोळी असती तर मी बादलीभर दिली असती.’ चोवीस तासांची ड्यूटी करून आलेल्या पोराने लिहिलेल्या तीन ओळी. आणि यावर या माणसाचा शेरा ऐका. ‘आपल्या आया कुणाच्या हातात आहेत ते बघून ठेवा.’ बस. एवढ्यावर दोन लाख.” मग तिने सांगितलं, की रस्त्यात एक बाई गास्तोनच्या बुटावर थुंकली. कुणीतरी दवाखान्याच्या दारावर त्याचा फोटो लावला. तो जेवेनासा झाला, न्हाणीघरात तासन्‌तास बसायला लागला. तिचा आवाज कधी चढला ते तिला कळलंच नाही. “मी त्याची दाढीची पाती लपवून ठेवली. माझ्या अंगठ्याएवढी पाती. रात्री दाराला कान लावून बसायचे, पाण्याचा आवाज येतोय ना म्हणून. आणि एकदा आवाज थांबला, तेव्हा मी दार तोडून आत गेले. हे तुम्हाला हवंय? मग करा हात वर.”

ती बसली. सॉसेजवाली बाई दारात उभी राहून डोळे पुसत होती. पहिल्या रांगेतल्या जांभया देणाऱ्यांपैकी एकाने सुल्माच्या खांद्यावर हात ठेवला. तिने पुन्हा डोकी मोजली, आणि आता ती पुढे होती.

एदिसोनने घसा साफ केला. नाव घेतलेल्यांना दोन मिनिटं. वाल्देमारने मान हलवली, मला नकोत म्हणाला. तेवढ्यात दाराजवळून आवाज आला, की माझंही नाव घेतलं गेलंय. गास्तोन उठून उभा होता, हात खिशात घालून. एदिसोनने घड्याळ लावलं.

“तिने वाचलं ते अर्धं आहे,” गास्तोन म्हणाला. “माझी पोस्ट ‘निळ्या कोटातली म्हातारी’ अशी सुरू होत होती. निळा कोट इथे एकच होता. ओफेलियाबाई, वाल्देमारची आई. लोकांनी तिला ओळखावं, हसावं, म्हणूनच तो कोट मी लिहिला होता. लोक हसले. कुणीतरी तिला ते वाचून दाखवलं. त्यानंतर ती आमच्या दवाखान्यात कधी आली नाही, दोन बस बदलून दुसरीकडे जायची. शेरा मला लागला, आणि लागायलाच हवा होता. पुढे जे झालं, ते दोन लाख, ते मी माझ्या वैऱ्यालाही देणार नाही. त्यावर काय ठरवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी आता तिकडे रोज सकाळी अकरा म्हाताऱ्यांना अंघोळ घालतो. मला यावर मत नाही.”

एदिसोन घड्याळाकडे बघत नव्हता.

“पात्यांचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरलाही नाही. ते फक्त आईला माहीत होतं.” मग त्याने अध्यक्षांना विचारलं, की हे वृत्तांतात येणार का.

येणार होतं. सभेत बोललेलं सगळं वृत्तांतात येतं, आणि वृत्तांत तासाभरात वेरेदावर चढतो, पाच हजार जणांसाठी. एदिसोनला ते सांगताना अवघड झालं. त्याने नियम सांगितला, की बोलणाऱ्याने मतदानाआधी आपले शब्द मागे घेतले तर ते वृत्तांतातून काढतात, आणि सभेने ते विसरायचे असतात. पण ते फक्त बोलणाऱ्याच्या हातात. ज्याच्याविषयी बोललं गेलं त्याच्या हातात नाही.

“सुल्मा,” तो म्हणाला, “मागे घेतेस?”

सुल्माला मागे वळून गास्तोनकडे बघायचं होतं, पण मान वळेना. मागे घेतले, तर सभेने काय विसरायचं? विसरतात कुठे! पण मग त्या शब्दांवर मत द्यायचं नसतं, आणि इथली माणसं असल्या बाबतीत भयंकर प्रामाणिक होती. मग नियम पडणार. चार वर्षं तिने जे एक दार घट्ट लावून धरलं होतं, ते उघडणार. ज्याच्यासाठी धरलं होतं तोच ते सोड म्हणत होता, आणि त्याला काय कळतं, असंही तिला वाटत होतं.

तेव्हा वाल्देमार उठला. रांग नाही, हक्क नाही, पण त्याला कुणी अडवलं नाही. तो पहिल्यांदाच थेट तिच्याकडे बघत होता.

“घे मागे, सुल्मा,” तो म्हणाला. “तू घे, मी माझा प्रस्ताव मागे घेतो. पुन्हा आणणार नाही. नियम तुझा राहू दे. पोराचं तेवढं कागदावर जाऊ देऊ नकोस.”

सगळी सभा तिच्याकडे बघत होती. बघता बघता सगळं मिटत होतं. नियम राहत होता, मुलगा राहत होता, तिने फक्त हो म्हणायचं होतं. पण ते वाल्देमारला म्हणायचं होतं. जन्मभर त्याच्या दारावरून जाताना आठवायचं होतं, की याने दिलं म्हणून मिळालं. उद्या तो पदपथावर खुर्ची टाकून बसेल, मातेचा पेला पुढे करेल, आणि आपल्याला तो घ्यावा लागेल. चार वर्षं तिने हा राग रोज उकळून ठेवला होता. दुधासारखा, नासू नये म्हणून. तो असा त्याच्या हातावर ओतून टाकायचा?

“तुझी मेहेरबानी नको,” ती म्हणाली. “मी बोलले ते खरं आहे. राहू दे लिहिलेलं.”

एदिसोनने दुसऱ्यांदा विचारलं, कारण तसा नियम होता. तिने दुसऱ्यांदाही तेच सांगितलं. वाल्देमार खाली बसला, आणि प्रस्ताव तसाच राहिला.

मतदान झालं. प्रस्तावाच्या बाजूने बावन्न, विरुद्ध सहासष्ट. वाल्देमारने हात वर केलाच नव्हता असं नंतर काही जण म्हणाले, पण मग आकडे जुळत नाहीत. खुर्च्या मागे सरकल्या, सुल्माभोवती गर्दी झाली. बायकांनी तिच्या गालांचे मुके घेतले. तिच्याशी चार महिने न बोललेला बेकरीवाला येऊन म्हणाला, की तुझं ऐकून मी मत फिरवलं, बिचारं पोर. दुसरी एकजण म्हणाली, बिचारं पोर. तिसऱ्याने विचारलं, आता तब्येत बरी असते ना त्याची, रात्री एकटा राहतो का. सुल्मा सगळ्यांना हो हो म्हणत माणसांच्या खांद्यांवरून दाराकडे बघत होती. शेवटची खुर्ची रिकामी होती.

चिटणीस ग्लादिस वृत्तांताचे कागद घेऊन आली. भाषणाच्या मजकुरावर बोलणाऱ्याची सही लागते, प्रत्येक पानावर. ती पडवीतल्या टेबलाशी सुल्माला घेऊन गेली. पडवीच्या खिडकीतून बसथांबा दिसत होता. गास्तोन घरी जाऊन आपली पिशवी घेऊन आला होता. पिशवी वाल्देमारच्या खांद्यावर होती. दोघं थांब्याच्या दिशेने चालत होते, फार जवळून नाही, मध्ये एका माणसाची जागा सोडून. वाल्देमार काहीतरी बोलत होता. गास्तोनने मान खाली घालून ते ऐकलं, मग तो काहीतरी बोलला आणि वाल्देमार रस्त्यातच उभा राहिला. ते काय बोलले ते इथून ऐकू येणं शक्य नव्हतं.

“इथे,” ग्लादिस म्हणाली. सुल्माने सही केली. “आणि इथे. इथे गास्तोनचं आडनावही घालते हं, नाहीतर लोक विचारत बसतील कुठला गास्तोन.”

सुल्मा खिडकीबाहेर बघत होती. थांबा पन्नास पावलांवर होता. सहाची बस कोपऱ्यावर वळताना दिसत होती, आणि रविवारी ती थांब्यावर चांगली मिनिटभर थांबते हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तिने पेन टेबलावर ठेवलं. मग वाल्देमारने पिशवी खांद्यावरून उतरवून गास्तोनच्या हातात दिली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि गास्तोनने तो राहू दिला.

सुल्माने पेन पुन्हा उचललं.

“अजून एक पान आहे,” ग्लादिस म्हणाली, आणि सुल्माने त्यावरही सही केली.